आधी बोट, मग खोली: भिशीच्या पैशांत अंदमानची तीन बेटं

मी एसटीत वाहक आहे. नाशिक विभागात एकवीस वर्षं झाली. ट्रे आणि पंच घेऊन नोकरीला लागले, आता हातात तिकिटाचं मशीन आहे. पण प्रवाशांची एक सवय तेव्हापासून आजपर्यंत तशीच आहे. माणूस कुठे उतरायचं, कुणाकडे राहायचं ते आधी ठरवतो आणि गाडीची चौकशी सगळ्यात शेवटी करतो. मग रात्री स्टँडवर येऊन विचारतो, "ताई, सटाण्याची शेवटची गाडी गेली का?" आणि ती गेलेली असते. रस्त्यावर निदान एखादी काळी-पिवळी मिळते, ट्रकवाला बसवून घेतो. समुद्रावर तसं काही नसतं. तिथे बोट सुटली की त्या दिवसापुरता विषय संपला.

गेल्या फेब्रुवारीत मी, माझ्या सासूबाई आणि लेक अशा तिघी अंदमानला जाऊन आलो. ह्यांना रजा मिळाली नाही. परत आल्यापासून डेपोतल्या बाया आणि गल्लीतल्या शेजारणी एकच विचारतात, "किती लागले गं?" प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. तिथलं दर्शनीय काय काय ते सगळीकडे सांगितलेलं असतं. मी सांगणार आहे ते एका बेटावरून दुसऱ्या बेटावर कमी पैशांत आणि डोक्याला ताप न होता कसं जायचं ते.

अंदमानच का, हेही सांगते. सासूबाईंचं माहेर भगूर. सावरकरांच्या वाड्यावरून त्या शाळेत जायच्या. १९०९ च्या २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या खटल्याचा धागा पुढे थेट काळ्या पाण्यापर्यंत गेला, आणि ४ जुलै १९११ ला सावरकर सेल्युलर जेलमध्ये पोचले. हे सगळं आईंना तोंडपाठ आहे. कान्हेरे मैदानावरून माझी गाडी रोज जाते. "एकदा ती कोठडी डोळ्यांनी बघायची आहे," असं त्या दहा वर्षं म्हणत होत्या. त्यामुळे माझी भिशी लागली तेव्हा मी दागिन्याचा विचार केलाच नाही.

आमची भिशी बारा जणींची, महिना अडीच हजारांची. हातात आले तीस हजार. नाशिकरोड ते अंदमान जाण्या-येण्याचा खर्च आम्ही वेगळा साठवला होता. हे तीस हजार फक्त तिथल्या बोटी, खोल्या, जेवण आणि फिरण्यासाठी. एका एजंटाने ह्याच गोष्टींचे तिघींचे मिळून पंचेचाळीस हजार सांगितले होते.

आता जाण्याबद्दल थोडक्यात. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, पण बोलण्यात अजून दोन्ही नावं चालतात. तिथे मुंबई-पुण्याहून चेन्नई किंवा कोलकात्यामार्गे विमानाने जाता येतं. आम्ही नाशिकरोडहून रेल्वेने हावडा गाठलं आणि कोलकात्याहून विमान घेतलं. हावड्याला नाशिकरोडवरून थेट गाड्या आहेत, साधारण दीड दिवस लागतो, आणि स्लीपरने बरेच पैसे वाचतात. कोलकाता आणि चेन्नईहून मोठी जहाजंही जातात. पण त्यांना समुद्रात तीन दिवस लागतात आणि ती रोज सुटत नाहीत. रजा मोजून मिळते त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

बोट लागते का, ते आधी बघा

कसारा घाट आला की आईंना गाडी लागते. मग बोटीचं काय, ही मला खरी काळजी होती. म्हणून डिसेंबरात आम्ही घारापुरीला जाऊन आलो. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघायचं, सीएसएमटीहून बसने गेटवे, तिथून लाँचने तासाभरात घारापुरी, आणि संध्याकाळी पंचवटीनेच घरी. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा. घारापुरीसुद्धा बेटच आहे, त्यामुळे नाशिककराला एका दिवसात, थोड्या पैशांत बेटावर जाण्याची तालीम होते. वर लेण्यातली त्रिमूर्ती बघायला मिळते. बंदरातलं पाणी आणि उघडा समुद्र ह्यात फरक आहे हे खरं, पण माणूस लाँचमध्ये किती घाबरतं, पायऱ्यांवरून लाँचमध्ये पाय टाकता येतो का, हे कळतं. आईंना परतीच्या वेळी थोडं मळमळलं. तेवढ्यावरून मी पुढची तयारी केली.

ती तयारी अशी. बोटीत मधोमध आणि खालच्या बाजूला बसायचं. एसटीत मागच्या चाकावरची सीट जशी उडवते तसं बोटीचं पुढचं टोक उडवतं. पोट अगदी रिकामं नको आणि भरलेलंही नको. सकाळी एखादी दशमी किंवा दोन बिस्किटं पुरे. मोबाईलमध्ये बघायचं नाही, लांब क्षितिजाकडे नजर ठेवायची. डॉक्टरांनी आईंना जी गोळी दिली होती ती बोट सुटायच्या आधी घ्यायची होती. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही. वयस्कर माणसाला बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने मेडिकलमधून काही आणू नका. तोंडात धरायला आलेपाक ठेवला होता, त्याने आईंना फार बरं वाटलं.

महिनाही विचार करून निवडा. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस आणि वारा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळांची भीती. फेब्रुवारी ते एप्रिल समुद्र त्या मानाने शांत असतो. डिसेंबर-जानेवारीत गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले असतात. आम्हाला फेब्रुवारी सगळ्या बाजूंनी बरा पडला.

बोटीचं गणित

आता मुख्य गोष्ट. बहुतेक लोक तीन बेटं करतात: श्री विजयपुरम, स्वराज द्वीप म्हणजे आपण ज्याला हॅवलॉक म्हणायचो ते, आणि शहीद द्वीप म्हणजे नील. ही दोन नावं २०१८ च्या डिसेंबरात बदलली. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला त्याला तेव्हा पंचाहत्तर वर्षं झाली होती.

पहिली बचत नकाशात आहे. स्वराज आणि शहीद ही दोन बेटं एकमेकांच्या शेजारी आहेत. तरीही कित्येक जण स्वराजला जाऊन परत श्री विजयपुरमला येतात आणि दुसऱ्या दिवशी शहीदला जातात. म्हणजे नाशिकहून सिन्नरला जायचं, परत नाशिकला यायचं आणि मग संगमनेरला निघायचं. त्रिकोण करा: श्री विजयपुरम ते स्वराज, स्वराज ते शहीद, शहीद ते श्री विजयपुरम. चार तिकिटांच्या जागी तीन लागतात आणि अख्खा एक दिवस वाचतो. तिघींचं एकेक तिकीट वाचलं म्हणजे एका दिवसाचं जेवण निघालं.

दुसरी बचत सरकारी बोटीत आहे. अंदमान प्रशासनाच्या जहाज सेवा संचालनालयाच्या बोटी श्री विजयपुरमला फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात. त्यांचं भाडं काही शे रुपयांत असतं, खासगी बोटींचं हजाराच्या पुढे सुरू होतं. मॅक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन ही खासगीतली नेहमीची नावं. खासगी बोट दीड तासाच्या आसपास स्वराजला पोचवते, सरकारी बोटीला दोन-अडीच तास लागतात. खासगी बोटींत बहुतेक ठिकाणी काचेच्या आत एसीत बसून राहावं लागतं. आमच्या सरकारी बोटीत वर उघड्या डेकवर जाऊन उभं राहता येत होतं, आणि समुद्र बघायलाच गेलेल्या माणसाला तो एक तास जास्त लागला म्हणून काही बिघडत नाही.

पण एक समजून घ्या. सरकारी बोट आपल्या सहलीसाठी सुरू झालेली नाही. त्या बेटांवर माणसं राहतात. त्यांना दवाखाना, कॉलेज, कोर्ट, बाजार ह्यासाठी ह्याच बोटीने यावं-जावं लागतं. म्हणून रहिवाशांना भाड्यात सवलत आहे आणि त्यांच्यासाठी जागा राखलेल्या असतात. मुक्कामी गाडीवर पहिला हक्क गावाचा असतो तसं. मला इथे अर्ध्या तिकिटाची सवय. २०२३ पासून आपल्या एसटीत बायकांना अर्धं भाडं आहे. तिथे पाहुण्यांना पूर्ण भाडं, आणि उरलेल्या जागांत. हे एकदा मान्य केलं की खिडकीवर चिडचिड होत नाही.

खासगी बोटींचं बुकिंग खूप आधीपासून मिळतं. सरकारी बोटीचं उशिरा खुलतं आणि लवकर भरतं. ऑनलाइन मिळतं, खिडकीवरही मिळतं. म्हणून मी आज कुणाला सांगायचं तर असं सांगेन: तीन टप्प्यांपैकी जो टप्पा चुकला तर सगळं कोसळेल, तो एक खासगी बोटीचा आधीच काढून ठेवा. आमच्यासाठी तो शहीदहून परतीचा होता. उरलेले दोन सरकारी बोटीवर ठेवा, आणि त्यांची तिकिटं हातात येईपर्यंत बेटावरच्या खोलीला आगाऊ पैसे देऊ नका. प्रत्येकाचं नाव आधारकार्डावर आहे अगदी तसंच टाका. मूळ ओळखपत्र जवळ हवं, लहान मुलाचंसुद्धा. तिकिटाची कागदी प्रत काढून ठेवा आणि जेट्टीवर तासभर आधी पोचा. तिथे सामान तपासतात, रांग लागते, आणि फाटक बंद झालं की बंद.

हे मला सुचलेलं नाही, मी पैसे घालवून शिकले. स्वराज द्वीपावरची एक बांबूची झोपडी लेकीला फोटोत इतकी आवडली की मी घरूनच दोन रात्रींचे पूर्ण पैसे भरून टाकले. बोटीचं तिकीट तिथे गेल्यावर बघू म्हटलं. एकवीस वर्षं दुसऱ्यांना जे सांगते ते स्वतः विसरले. फिनिक्स बेच्या खिडकीवर गेलो तर त्या दिवशीची सरकारी बोट भरलेली, खासगीत तीन जागा एकत्र नाहीत. दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळालं. झोपडीच्या मालकाला फोन केला, तर पहिल्या रात्रीचे दोन हजार परत नाहीत म्हणाला. त्याचंही बरोबर होतं, खोली आमच्या नावाने रिकामी राहिली होती. श्री विजयपुरमला एक जादा रात्र काढली ती वेगळी. त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन हजार म्हणजे माझ्या भिशीचा जवळजवळ एक हप्ता.

डेकवरचा कांदा

दुसऱ्या दिवशी पहाटे जेट्टीवर पोचलो. बोटीत माणसांच्या आधी सामान चढत होतं: अंड्यांचे ट्रे, गॅसच्या शेगड्या, औषधांची खोकी, आणि लाल जाळीच्या गोण्या. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, लासलगावपासून जवळ. जाळीतला कांदा मला लांबून कळतो. बोट बंदराबाहेर पडल्यावर आईंना खाली मधोमध बसवलं, लेकीला त्यांच्याजवळ ठेवलं आणि मी वर डेकवर आले. गोण्यांशेजारी एक बंगाली दुकानदार बसले होते, स्वराज द्वीपावर त्यांचं किराण्याचं दुकान. मी विचारायच्या आधीच त्यांनी एका गोणीवर हात ठेवून सांगितलं, "नाशिक का है."

मी जाळीतून बोट घालून एक कांदा फिरवून पाहिला. रांगडा, म्हणजे उशिरा खरिपाचा होता. साल अजून घट्ट, रंग उतरलेला नव्हता, पण त्याच गोणीत काही जाड मानेचे होते. मी त्यांना हिंदीत सांगितलं, हे जाड मानेचे आधी विकून टाका, मानेत ओल राहते आणि तिथूनच कांदा सडायला लागतो, मग शेजारचेही जातात. बारीक सुकलेल्या मानेचे मागे ठेवा, ते टिकतील. त्यांनी तिथल्या तिथे गोणी सोडली आणि आम्ही दोघांनी मिळून पंधरा-वीस कांदे बाजूला काढले. समुद्राच्या मधोमध, दोन्ही बाजूंना निळं पाणी, आणि माझ्या बोटांना माझ्या वडिलांच्या कांदाचाळीचा वास.

त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही फार उपयोगी पडल्या. पहिली, स्वराजवरच्या राधानगर किनाऱ्याला गेल्यावर उतरता उतरता बसच्या कंडक्टरला परतीची शेवटची गाडी विचारा. सूर्य बुडेपर्यंत थांबून मग विचारणारे सगळे रिक्षाला जास्त पैसे देतात. दुसरी, शहीद द्वीपावर नैसर्गिक पूल बघायचा तर ओहोटीची वेळ आधी विचारून ठेवा.

सूर्य आणि ओहोटी

अंदमानात घड्याळ आपलंच, पण सूर्य आपला नाही. नाशिक ७४ अंश रेखांशाच्या जरा अलीकडे, श्री विजयपुरम ९३ अंशांच्या अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सव्वा तासाचा फरक पडतो. फेब्रुवारीत नाशिकला साडेसहापर्यंत उजेड असतो, तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडाला. पण सकाळी पावणेसहाला लख्ख. म्हणून आठला उठून दहाला निघणाऱ्याचा अर्धा दिवस वाया जातो. आम्ही पाचला उठायचो. माझी पहिल्या फेरीची ड्युटी असली की तसंही चारला उठावं लागतं.

राधानगरचा किनारा पश्चिमेला आहे, तिथे सूर्यास्त बघायचा. कालापत्थर पूर्वेला, तिथे सकाळी. स्वराजच्या जेट्टीपासून राधानगर बारा किलोमीटरच्या आसपास. सरकारी बस जाते, थोड्या रुपयांत. उतरताना कंडक्टरला मी कोण ते सांगितलं. त्यांनी शेवटच्या गाडीची वेळ सांगितली आणि परतताना आईंसाठी पुढची सीट धरून ठेवली. ज्यांना स्कूटी चालवता येते त्यांनी दिवसभरासाठी भाड्याने घ्यावी, रस्ते सोपे आहेत. मूळ लायसन्स आणि हेल्मेट बरोबर असू द्या. तीन माणसं असतील तर बस आणि शेअर रिक्षाच परवडते.

पोहायचं तिथेच पोहा जिथे जीवरक्षक आहेत आणि इतर माणसं पाण्यात आहेत. खाडीच्या तोंडाशी आणि अंधार पडल्यावर पाण्यात जाऊ नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. पाट्या लावलेल्या असतात त्या खऱ्या आहेत.

शहीद द्वीप छोटं, सपाट, भाजीच्या वाफ्यांचं. भाड्याची सायकल घेतली तर दिवसभरात सगळं होतं. लेक सायकलवर, मी आणि आई रिक्षात. भरतपूरचा किनारा उथळ. लक्ष्मणपूरजवळचा तो नैसर्गिक दगडी पूल मात्र ओहोटीलाच गाठता येतो. इथे आईंची दिनदर्शिका कामाला आली. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटी जास्त खोल जाते, अष्टमीच्या आसपास पाणी कमी हटतं. रोजची वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आजची ओहोटी कळली की उद्याची आपली आपण काढता येते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब मात्र तिथे लावू नका. प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते, ती लॉजवाल्याला विचारा. आम्ही पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलो. पाणी इतकं मागे गेलं होतं की खडकांतल्या डबक्यांत बोटभर निळे मासे अडकून फिरत होते. आई एका डबक्याजवळ उकिडव्या बसल्या आणि अर्धा तास उठल्या नाहीत. खडक धारदार आणि शेवाळलेले असतात, तेव्हा पट्ट्याचे रबरी तळाचे सँडल हवेत. साधी स्लीपर घालून आलेल्या एका बाईंचा पाय आमच्यासमोर कापला.

शिंपले आणि प्रवाळाचा एक तुकडाही उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळ संरक्षित आहेत, कित्येक शंखही आहेत, आणि विमानतळावर बॅगा तपासतात. लेकीने मूठभर गोळा केले होते. ते तिने भरतपूरच्या वाळूत परत ठेवले आणि फोटो काढला.

खोली, जेवण, रोख

श्री विजयपुरमला आबर्डीन बाजाराच्या आसपास राहा. सेल्युलर जेल पायी, बसस्टँड जवळ, खानावळी जवळ. चौदाशेला तीन माणसांची साधी स्वच्छ खोली मिळाली. स्वराजला गोविंदनगरचा बाजार जेट्टीपासून फार लांब नाही. किनाऱ्याला चिकटून नसलेली खोली घेतली की भाडं उतरतं, आणि किनारा काही लांब जात नाही. शहीदला पंधराशे पडले.

जेवणात मासे खाणाऱ्यांची चैन आहे. बंगाली खानावळीत भात, डाळ, भाजी, माशाचा तुकडा पोटभर मिळतो. आई माळकरी. त्यांच्यासाठी मी दशम्या, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा नेला होता, आणि शाकाहारी थाळीही सगळीकडे मिळाली. एकच सांगते: बोटीच्या दिवशी खाणं आपलं आपण बरोबर ठेवा. उशीर झाला तर जेट्टीवर चहा-बिस्किटांपलीकडे काही हाती लागत नाही. पाण्याची स्टीलची बाटली प्रत्येकीची वेगळी.

रोख पैसे श्री विजयपुरमलाच काढा. छोट्या बेटांवर एटीएम मोजकी, आणि मोबाईलची रेंज कधी असते कधी जाते. मी शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटांची वेगळी पुडी केली होती. सुट्टे असले की भाडं ठरवायला सोपं जातं, हे मला कुणी शिकवायला नको.

आमचा हिशेब असा झाला. तीन टप्पे, तिघींच्या बोटी ७,६००. सहा रात्रींच्या खोल्या ९,७००. जेवण ७,०००. बस, रिक्षा, सायकल, प्रवेश तिकिटं २,९००. हे झाले २७,२००. त्यात माझ्या चुकीचे दोन हजार धरा. आठशे उरले. त्याचे मी नारळाच्या करवंटीचे चमचे आणले, भिशीतल्या प्रत्येकीला एकेक.

परतीची मोकळी रात्र

छोट्या बेटावरून आलात त्याच दिवशी विमान धरू नका. हे मी कितीही वेळा सांगेन. वारा वाढला की बोटी रद्द होतात, आणि रद्द झालेली बोट तुमच्या विमानाची वाट बघत नाही. एक मोकळी रात्र श्री विजयपुरमला ठेवा. चौदाशे रुपये जास्त जातात, पण ऐनवेळी काढलेल्या तीन विमान तिकिटांपुढे ते काहीच नाहीत. बोट वेळेवर आली तर तो दिवस वाया जात नाही. त्या दिवसासाठी काहीतरी राखून ठेवा. आम्ही सेल्युलर जेल राखून ठेवलं होतं.

जेलचं काम १८९६ ला सुरू होऊन १९०६ ला पुरं झालं. मधल्या मनोऱ्यापासून सात बाजूंना सात इमारती होत्या, आज तीन उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला. जिने उभे आहेत, गुडघेदुखी असलेल्यांनी सकाळी उन्हाच्या आधी जावं, दर मजल्यावर बसावं. आईंना वर पोचायला वीस मिनिटं लागली. आत जाऊन त्यांनी आधी नमस्कार केला नाही. भिंतीला पाठ लावून त्या पलीकडच्या भिंतीपर्यंत पावलं मोजत गेल्या, मग आडव्या बाजूने मोजली. "आपल्या देवघरापेक्षा थोडी मोठी," म्हणाल्या. मग वरच्या झरोक्याकडे बघत म्हणाल्या, "बाबारावही इथेच होते ना गं. सख्खे भाऊ, आणि कितीतरी दिवस भेट नाही." त्यानंतर त्या खाली बसल्या आणि कोठडीच्या जमिनीला हात लावला. आम्ही तिघी तिथे किती वेळ होतो ते मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं, घाई कसलीच नव्हती.

येत्या जूनची भिशी माझ्या धाकट्या जावेची आहे. तिला पुढच्या फेब्रुवारीत नवऱ्याला आणि मुलांना घेऊन जायचं आहे. तिला मी बोटींचे टप्पे कागदावर काढून दिले आहेत. लेकीच्या आवडत्या झोपडीचा नंबर ती रोज मागते. तो मी तिकिटं हातात आल्यावर देणार आहे.